नागपुरात गाणारे-वाजवणारे एवढे वाढले, मग आपण एकमेकांना ओळखत का नाही?

मल्हार_मनीषनगर
शनिवार, रात्री 10:40

मंडळी, नमस्कार.

अकरा वर्षं पुण्यात नोकरी करून मागच्या दसऱ्याला मी नागपूरला परत आले. माहेर महाल भागातलं. तिथेच एका बाईंकडे ग्वाल्हेर गायकी शिकले, विशारद झाले. पुढे नोकरी आणि संसारात गाणं सुटलं. इथे आल्यावर तानपुरा माळ्यावरून उतरवला, जवारी करून घेतली (तारा नीट घुमाव्यात म्हणून घोडी घासून घेतली) आणि पहाटेचा रियाज पुन्हा धरला.

मी गेले तेव्हाच्या नागपुरात एवढं गाणं-वाजवणं कानावर पडत नव्हतं. आता आमची एकच गल्ली बघा. तळमजल्यावर की-बोर्डचा क्लास. समोरच्या घरातली दोघं भावंडं ढोल-ताशा पथकात. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात काम करणारा पोरगा रॅप लिहितो आणि मोबाईलवर रेकॉर्ड करतो. मागच्या बिल्डिंगमध्ये रोज सकाळी सातला कुणीतरी बासरीवर भूप धरतं. भूप संध्याकाळचा राग, ही त्याची वेळ नव्हे, पण सूर इतका खरा की मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहते. त्या माणसाला मी अजून पाहिलेलं नाही.

आणि एवढं असून मला मंगळवारी दोन तास साथीला तबलजी हवा होता तर तीन आठवडे मिळाला नाही. सगळ्यांना विचारून झालं. शेवटी जो मिळाला तो माझ्याच रस्त्यावर चार घरं सोडून राहतो! त्यालाही माहीत नव्हतं की इथे कुणी ख्याल गाते.

हे मला फार लागलं. म्हणून विचारते. तुम्ही कुठे गाता-वाजवता, कुणासोबत, आणि कुठे अडतं? महिन्यातून एकदा, माईक नाही, मंच नाही, सत्कार नाही, अशी फक्त एकमेकांना ऐकण्याची बैठक जमवली तर कोण येईल?


पुडीवाला_इतवारी
शनिवार, रात्री 11:15

ताई, मी येईन. आमचं तबल्याचं दुकान आहे, वडिलांपासून. वाजवणारे वाढले हे तुम्ही आता म्हणून राहिल्या, मले ते पुड्यांवरून, म्हणजे तबल्याच्या चामड्यांवरून, पाच-सहा वर्षांआधीच समजलं. पहिले भजनी मंडळं आणि क्लासवाले यायचे. आता कॉलेजची पोट्टे-पोट्टी येतात, काहोनवाले (वर बसून वाजवायचं लाकडी खोकं) येतात, ढोलाचं पान बदलायले पथकं येतात. गणपतीच्या आधी दोन महिने आम्हाले झोप नसते.

पण एक गोष्ट पाहून मन खट्टू होते. एकाच दिवशी माझ्या दुकानात पाच तबलजी येऊन जातात आणि एकही दुसऱ्याले ओळखत नाही. मीच सांगतो, अरे तो आत्ता गेला ना, तो पण तुझ्यासारखाच वाजवते. दुकानाच्या वरची माडी रिकामी आहे. तीस-पस्तीस माणसं आरामात बसतील. वापरा.


सीताबर्डी_जुना
रविवार, सकाळी 7:05

विषय जिव्हाळ्याचा काढलात, म्हणून थोडं मागचं सांगतो.

आपल्याकडे शंकरराव सप्रे होते, त्यांचं श्रीराम संगीत विद्यालय होतं. वसंतराव देशपांडे जन्मले मूर्तिजापूरला, 1920 साली, पण त्यांचं लहानपण आणि पहिली तालीम इथली, सप्रे गुरुजींकडची. सिनेसंगीतातले सी. रामचंद्र हेही त्यांच्याकडे शिकले. विचार करा, एक जण ख्याल-ठुमरी-नाट्यगीताचा बादशहा झाला, दुसऱ्याने हिंदी सिनेमाच्या चाली बदलून टाकल्या, आणि दोघांच्या कानावरचे संस्कार नागपूरच्या एकाच गुरूच्या घरातले. आज ख्यालवाला पोरगा गिटारवाल्याच्या दारात जात नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणि वसंतरावांनी कित्येक वर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली. नोकरी करून गाणारे म्हणजे हौशी, असं जे आपल्याकडे पटकन म्हटलं जातं ना, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं ठिकाण आकाशवाणी. नागपूर केंद्र सुरू झालं 1948च्या जुलैत. आमच्या तरुणपणी सगळे वादक तिथे भेटायचे. ऑडिशनला गेलेला सारंगीवाला बाहेरच्या बाकावर व्हायोलिनवाल्याशी बोलत बसलेला मी पाहिलाय. बी, बी-हाय, ए असे ग्रेड मिळायचे, त्याचा मान होता, पण खरी शाळा तो बाक होता. माझा मोठा भाऊ हार्मोनियम वाजवायचा आणि त्याला कायम खंत होती, कारण 1940 ते 1971 आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदीच होती. तरी तो जायचा. बाकावर बसायला.

धनवटे रंगमंदिर गेलं, त्या जागी विदर्भ साहित्य संघाचं संकुल उभं राहिलं. सिव्हिल लाइन्सला वसंतरावांच्या नावाचं सभागृह आहे, रेशीमबागेत 2017 साली सुरेश भट सभागृह झालं, सुमारे 2000 आसनांचं. मोठे हॉल झाले याचा आनंद आहे. तो बाक मात्र कुठे राहिला नाही. तुमची बैठक तो बाक होणार असेल तर मी काठी टेकत माडी चढेन.


निळी_पहाट
रविवार, सकाळी 9:30

सीताबर्डी काका, तुमचं सगळं मान्य. पण धागा बर्डीच्या पश्चिमेकडंच फिरून राहिला. जरा उत्तर नागपुरात, इंदोऱ्याकडं या.

मी की-बोर्ड आणि हार्मोनियम वाजवतो, भीमगीतांच्या पार्टीत. माझे आजोबा ढोलकीवर होते, बाबा कोरसमध्ये. 14 ऑक्टोबर 1956ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली तेव्हा आजोबा तिथं होते. त्यानंतर आमच्या वस्तीत गाणं हे काम होतं, हौस नव्हती. जे पुस्तक वाचू शकत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेब गाण्यातून गेले. रात्र-रात्र दोन पार्ट्यांचा सामना चालायचा, एकाने सवाल टाकला की दुसऱ्याने त्याच मीटरमध्ये, त्याच जागी शब्द बांधून जवाब द्यायचा. उत्तर नागपुरात आजही गल्लीगणिक गायक आहे. 14 एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास आम्हाले श्वास घ्यायले वेळ नसते.

पण शहरातल्या संगीताची यादी निघाली की आम्ही त्यात नसतो. क्लासिकलवाल्यांच्या कार्यक्रमाले मी जातो, पुढे बसून ऐकतो. माझ्या कार्यक्रमाले तिकडचं कोणी आलेलं मी पाहिलं नाही. ताई, बैठक करणार तर याचा विचार आधी करा. आम्ही फक्त ऐकायले येऊ का?


मल्हार_मनीषनगर
रविवार, सकाळी 10:10

नाही भाऊ, गायला या. तुम्ही म्हणालात ते खरं आहे आणि त्यात मीही आले. महालात वाढले, पण इंदोऱ्यात एकदाही गाणं ऐकायला गेले नाही. तो सवाल-जवाब मला ऐकायचा आहे. मीटर जुळवून तिथल्या तिथे शब्द बांधणं आम्हाला येत नाही. आम्ही बंदिशीचे शब्द वर्षानुवर्षं तेच गातो.


खंजिरी_हुडकेश्वर
रविवार, दुपारी 12:20

आमचं गुरुदेव भजन मंडळ आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, खंजिरीवर. पहिले आमचं गाव नागपूरच्या बाहेर होतं. आता शहर वाढत-वाढत आमच्या अंगणात आलं, पण मंडळ तेच. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, गुरुवारी भजन.

नवीन पिढी येत नाही असं सगळे म्हणतात. आमच्याकडं येऊन राहिली. दोन मुली खंजिरी शिकतात, बारावीच्या. एक तर अशी फिरवते की झांजा किती आणि हात किती ते कळत नाही. त्यांना घेऊन येते. महाराज गावोगाव फिरले, एका खंजिरीवर हजारो माणसं बसवायचे. त्यांना माईक-मंच लागला नाही, आम्हालाही लागत नाही.


गिटार_हिंगणा
रविवार, दुपारी 2:45

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमचा चार जणांचा बँड आहे. स्वतःची गाणी करतो, मराठी-हिंदीत. आमची अडचण एकच, जागा. ड्रम किट म्हटलं की घरमालक दार लावतो. आतापर्यंत तीन खोल्या सोडाव्या लागल्या. शेवटच्या खोलीत भिंतीभर अंड्यांचे ट्रे चिकटवले, तरी शेजारच्या काकूंनी पोलीस बोलावले. त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्याकडे लहान बाळ होतं. मला त्या बाळाचं अजून वाईट वाटतं.

धरमपेठेत कॅफेमध्ये ओपन माईक होतात, तिथे वाजवतो. पण तिथे दोन गाण्यांचा वेळ मिळतो आणि लोक गप्पा मारत असतात. कुणी शांत बसून ऐकलंय असं अजून झालेलं नाही. म्हणून बैठकीला यायचंय. अकूस्टिक गिटार घेऊन एकटा येईन, चालेल?


आवाजवाला
रविवार, दुपारी 3:30

हिंगणा, तुला आधी कुणीतरी हे सांगायला पाहिजे होतं. मी बावीस वर्षं साउंडचं काम करतो. अंड्यांच्या ट्रेने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. जाड भिंत, भरीव दरवाजा, दाराखाली रबर, खिडकीला दुहेरी काच. बोटभर फट राहिली तरी केलेलं अर्धं वाया जातं. आणि बास ड्रमचा दणका जमिनीतून जातो, त्यासाठी ड्रमखाली उचललेली लाकडी फळी आणि मधे जाड रबर घालावं लागतं. एवढा खर्च भाड्याच्या खोलीत करू नकोस.

नियमही माहीत असू दे. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. ड्रम किट जवळून 100च्या वर सहज जातं. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत मुभा देतं, तेवढेच.

तुझ्यासाठी उपाय निवासी वस्तीबाहेर आहे. हिंगणा एमआयडीसीत माझ्या ओळखीच्या एकांचं शेड आहे, संध्याकाळी सातनंतर रिकामं असतं, शेजारीही रात्री कुणी नसतं. मी बोलतो त्यांच्याशी. मेट्रोची अॅक्वा लाइन लोकमान्यनगरपर्यंत येते, तिथून पुढं ऑटो. ड्रम तिथेच ठेवता आले तर तुमचं काम झालं.


गिटार_हिंगणा
रविवार, दुपारी 3:41

दादा, खरंच? नंबर पाठवतो निरोपात. बँडमधल्या सगळ्यांना आत्ता वाचून दाखवलं.


ताजबागवाला
रविवार, सायंकाळी 6:00

ताजुद्दीन बाबांच्या उर्साला ताजबागेत कव्वाली ऐकत मोठा झालो. घरी उर्दू-हिंदी, शाळा मराठी. मी टाळीचा माणूस आहे, म्हणजे कव्वाली पार्टीत मागे बसून टाळी आणि दुसरा सूर धरणारा. टाळीलाही रियाज लागतो, वीस मिनिटं एकाच लयीत, एकही टाळी पुढे-मागे न होता. हे कुणी विचारत नाही म्हणून सांगितलं. बैठकीत टाळीला जागा असेल तर मी आणि माझा मामेभाऊ येऊ.


सांजसूर_त्रिमूर्तीनगर
रविवार, रात्री 8:15

मी बँकेतून निवृत्त झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लोकांसमोर गायले. आता त्रेसष्ट पूर्ण. आमचा कॅराओके ग्रुप आहे, बेचाळीस जणांचा. दर दीड महिन्याला वर्गणी काढून हॉल घेतो, प्रत्येकाला एक-दोन गाणी. नागपुरात असे किती ग्रुप झालेत ते मोजता येणार नाहीत, प्रत्येक कॉलनीत एक तरी आहे. आम्हाला गाणारे म्हणून धरणार का तुम्ही?


निळी_पहाट
रविवार, रात्री 9:05

काकू, राग नका मानू, मनातलं लिहितो. तुम्ही गाता याचा आनंदच आहे. पण दहा वर्षांआधी ऑर्केस्ट्रात सात-आठ माणसं लागायची. की-बोर्ड, लीड गिटार, बास, ऑक्टोपॅड, ढोलक, तबला, सॅक्सोफोन नाहीतर बासरी. आता एक लॅपटॉप आणि एक माणूस. आमच्यातले तीन चांगले वादक आज ऑनलाइन डिलिव्हरी करून राहिले. त्यातला एक सॅक्सोफोन वाजवायचा, कामठीच्या बँडमध्ये शिकलेला. मागच्या वर्षी त्याने वाद्य विकलं. त्या दिवशी मी त्याच्यासोबत होतो. गाणारे वाढले म्हणून सगळे खूश आहेत आणि वाजवणारे कमी होऊन राहिले. हे कोणी तरी पाहिलं पाहिजे ना.


सांजसूर_त्रिमूर्तीनगर
रविवार, रात्री 10:20

तुमचं वाचून फोन खाली ठेवला होता. विचार करून परत लिहिते.

आम्ही कुणाचं काम काढून घ्यायला गायला लागलो नाही, भाऊ. माझ्या आईला गाता यायचं, पण घरात चालायचं नाही. मला यायचं, पण तीस वर्षं कॅश काउंटर, मुलं, सासूबाईंचं आजारपण. निवृत्त झाल्यावर शेजारणीने मोबाईलवर ट्रॅक लावून दिला आणि मी स्वयंपाकघरात दार लावून गायले. तो ट्रॅक नसता तर मी आयुष्यात गायले नसते. आठ वादक बोलावण्याइतके पैसे आमच्या बेचाळीस जणांत मिळूनही निघत नाहीत. त्यात हॉलचं भाडं आहे, साउंड आहे. आता हॉलवाले गाण्यांच्या परवान्याचा कागदही मागतात, तो खर्च वेगळा.

पण सॅक्सोफोन विकल्याचं वाचून मला झोप येणार नाही. आम्ही काय करू शकतो ते सांगा.


आवाजवाला
रविवार, रात्री 10:50

परवान्याबद्दल काकूंनी लिहिलंच आहे तर सांगतो, यात पुष्कळ ग्रुप अडकतात. गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क असतो, सार्वजनिक कार्यक्रमात ते गायचं तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा, परवाना लागतो. प्रवेश मोफत ठेवला म्हणून दर वेळी सुटका होतेच असं नाही. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना 1957च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, आपल्या हॉलच्या कार्यक्रमांना ती नाही. आपणच गाणाऱ्यांनी हे टाळू नये. उद्या हिंगण्याचं गाणं कुणी गायलं तर त्यालाही त्याचा वाटा मिळावा.

बाकी काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पुडीवाल्यांकडे असेल.


पुडीवाला_इतवारी
रविवार, रात्री 11:30

काकू, मी सांगतो. सगळी गाणी नका बदलू. कार्यक्रमातली दोन गाणी फक्त, लाइव्ह. तबला आणि पेटी, दोनच माणसं. त्यांचे पैसे बेचाळीस जणांत वाटले तर एकाच्या वाट्याले चहा-तर्रीपोह्याइतकेही येणार नाहीत. आणि त्यांना पैसे कार्यक्रम संपल्यावर तिथंच, हातात, पाकिटात. "नंतर पाठवतो" नाही. साथ करणारा माणूस याच शब्दाले थकलेला आहे.

आणि दुसरं, ट्रॅकले तुमचा श्वास दिसत नाही. तुम्ही एक जागा लांबवली तर तो पुढे निघून जाते. तबलजी थांबते. तुम्ही कुठं आहात ते पाहून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तुम्हाले हात देते. एकदा गाऊन पहा. माडीवर या, तालीम मी करवून देतो.


सूरपेटी
सोमवार, सकाळी 8:00

माझं काम पेटी दुरुस्तीचं. पुडीवाले आणि मी वर्षानुवर्षं एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवतो. बैठक मार्चअखेर ठरत असेल तर एक सूचना, माडीवरचा कुलर बंद ठेवा.

आपल्या शहराचं हवामान वाद्यांना सोपं नाही. मे महिन्यात पारा 45च्या वर जातो, हवा कोरडीठाक. लाकूड आकसतं, पेटीचे जोड सुटतात, भात्याला बारीक चिरा पडतात आणि हवा पळते. तबल्याची पुडी ताणली जाऊन सूर चढतो. मग आपण कुलर लावतो, वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा थेट वाद्यावर येते आणि वीस मिनिटांत तबला उतरतो. पेटी आहे तिथेच राहते. मग गाणाऱ्याला वाटतं तबलजी बेसूर आहे. बिचारा दर गाण्याआधी हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसतो. पावसाळ्यात पुन्हा हाच प्रकार, दिवसभर.

घरी पेटी असेल त्यांनी उन्हाळ्यात ती गच्चीखालच्या खोलीत ठेवू नये, कुलरसमोर तर नाहीच. जाड सुती कापडात गुंडाळून आतल्या खोलीत. आणि कृपा करून सूर उतरला म्हणून स्वतः कानस लावू नका. पितळी सूर, म्हणजे पेटीच्या आतली पत्ती, टोकाकडे घासला की चढतो, बुडाकडे घासला की उतरतो. इतकं ऐकून लोक प्रयोग करतात, जास्त घासतात आणि सूर मोडतो. गेल्या महिन्यातच अशा दोन पेट्या आल्या, दोन्ही आजोबांच्या आठवणीतल्या.


गोंदियाची_पोर
सोमवार, दुपारी 1:10

मी विद्यापीठात संगीतात एम.ए. करते. प्रतापनगरजवळ खोली घेऊन तिघी राहतो. पहाटे पाचला रियाज केला म्हणून घरमालकांनी समज दिली. आता तानपुरा अॅप कानात लावून, उशीत तोंड खुपसून खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावते. खर्ज असा लागत नाही. छाती भरून, मोकळा लागतो. रोज ते करताना रडू येतं.

दोन शिकवण्या घेते, त्यावर खोलीचं भाडं निघतं. कुणाकडे सकाळी तास-दीड तास बसू देतील अशी जागा असेल तर मी केर काढेन, मुलांना शिकवेन.


सीताबर्डी_जुना
सोमवार, दुपारी 1:35

बाळ, केर काढायची गरज नाही. आमच्या घरची मागची खोली भावाची होती. त्याची पेटी अजून तिथेच आहे. मी आणि बायको पहाटे चारलाच उठलेले असतो. निरोपात पत्ता पाठवतो, आईला घेऊन एकदा बघून जा. घरात पुन्हा सा ऐकू येईल याचा आम्हा दोघांनाच जास्त फायदा आहे.


भूपवाला
सोमवार, सायंकाळी 4:50

हा धागा मला एका मित्राने पाठवला. मनीषनगरची ती बासरी बहुधा माझी आहे. मी मिहानमधल्या कंपनीत रात्रपाळी करतो. सकाळी सात म्हणजे माझी ड्युटी संपल्यानंतरची संध्याकाळ, म्हणून भूप. कुणी ऐकत असेल असं कधी वाटलं नव्हतं.


मल्हार_मनीषनगर
सोमवार, सायंकाळी 5:02

अहो, मग आजपासून तो संध्याकाळचाच भूप! उद्या सातला मी चहा घेऊन तुमच्या बिल्डिंगखाली येते.


अजनी_बास
सोमवार, रात्री 9:40

सदर भागातल्या कॅथेड्रलमध्ये क्वायरला गातो, चार आवाजांतला सर्वांत खालचा, बास. आम्ही स्टाफ नोटेशन वाचून गातो, तुम्ही कानाने. मला कानाने गायला शिकायचं आहे. चौघं येऊ, एक छोटी चार आवाजांची रचना म्हणू.


मल्हार_मनीषनगर
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री 11:50

झाली बैठक! आत्ताच घरी पोहोचले, पण उद्यापर्यंत थांबवत नाही.

एकतीस जण आले. माडीवर चटया, कुलर बंद, दोन्ही खिडक्या उघड्या, माठात वाळा घातलेलं पाणी. पाचला सुरू करून आठला थांबायचं होतं, सव्वानऊ झाले. माईक नव्हता, म्हणून सगळे पुढे सरकून बसले आणि गिटारवाल्या मुलाचं गाणं इतक्या शांततेत ऐकलं गेलं की दुसरं कडवं तो डोळे मिटूनच गायला.

क्वायरच्या चौघांनी रचना म्हटली तेव्हा ताजबागवाले दादा खाली मान घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, तुमचा सर्वांत खालचा आवाज काढला तर वरचे तिघं उघडे पडतील, आमच्या कव्वालीत मागच्या रांगेचं तेच काम. मग त्यांनी आणि मामेभावाने टाळी धरली, हुडकेश्वरच्या मुलींनी त्यावर खंजिरी घातली, आणि सगळ्यांचे हात आपोआप मांडीवर पडायला लागले.

निळी पहाट दादा आणि त्यांच्या मित्राने सवाल-जवाब केला. जवाब बांधायला मला पण बसवलं. तीन ओळी जमल्या, चौथीला मीटर सुटलं. त्यांनी दोन अक्षरं बदलून दिली आणि ओळ उभी राहिली. पंचवीस वर्षं गाणं शिकले, शब्दाचं वजन असं हातात कुणी दिलं नव्हतं.

आणि काकू. त्यांनी आठ दिवस इतवारीत येऊन तालीम केली होती. यमनातलं एक जुनं भावगीत. सूरपेटी काका पेटीवर, पुडीवाले तबल्यावर. दुसऱ्या अंतऱ्यात काकूंचा आवाज भरून आला आणि त्या थांबल्या. ट्रॅक असता तर निघून गेला असता. पुडीवाल्यांनी ठेका अगदी हलका केला, पेटीवर काकांनी नुसता गंधार धरून ठेवला, दोन आवर्तनं गेली, तीन गेली, कुणी हललं नाही. चौथ्या आवर्तनाला काकूंनी श्वास घेतला, मुखडा उचलला आणि नेमक्या समेवर आल्या. माडीवर जो "वाह" उठला तो खाली रस्त्यापर्यंत गेला असेल.


सांजसूर_त्रिमूर्तीनगर
सोमवार, सकाळी 6:30

रात्रभर ती तीन आवर्तनं ऐकू येत होती. आमच्या ग्रुपमध्ये सकाळी सहालाच लिहिलंय, पुढच्या कार्यक्रमात चार गाणी लाइव्ह. पाकिटं मी स्वतः तयार करणार. निळी पहाट भाऊ, तुमच्या सॅक्सोफोनवाल्या मित्राला विचाराल का? वाद्य भाड्याने आणायचं तर त्याचे पैसे आम्ही देऊ.


निळी_पहाट
सोमवार, सकाळी 7:15

काकू, त्याले आत्ताच फोन केला. काही बोलला नाही थोडा वेळ. मग विचारलं, गाणी कोणत्या पट्टीत आहेत.


पुडीवाला_इतवारी
सोमवार, सकाळी 9:00

पुढची बैठक एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, ऊन पाहून सहा वाजता सुरू करू. गाणाऱ्या बायकांनी आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीले सा धरता ते, आधी कळवा. काळी चार-पाच असेल तर सहा इंची तबला लागते, माझ्याकडे तसा एकच तयार आहे, दुसऱ्याची शाई अजून ओली आहे. काळी एक-दोनवाल्या पुरुषांसाठी सव्वापाच इंची दोन आहेत. गोंदियाच्या पोरीनं पट्टी अजून सांगितली नाही.


गोंदियाची_पोर
सोमवार, सकाळी 9:20

काळी चार, काका. आजोबांच्या मागच्या खोलीत आज खर्ज मोकळा लागला.